मामाजींच्या हाताचा गुण

माझ्या बायकोच्या मामांइतका उतावळा माणूस भद्रावतीपासून कुरखेड्यापर्यंत दुसरा झाला नसेल. चहा निवण्याची वाट पाहणं त्यांना जमत नसे, म्हणून जीभ बारमाही पोळलेली. मोटारीसाठी थांबण्याऐवजी ते तिच्याच रस्त्याने चालू लागत आणि कोसभर गेल्यावर ती त्यांना गाठे. माझ्या लग्नात मंगलाष्टकं लांबली तेव्हा अंतरपाट त्यांनीच ओढला. "दिसली ना पोरगी? मंग काऊन थांबता?"

पण पायाला नारू झालेला माणूस आला की हेच मामाजी पार बदलून जात. त्याला गावच्या पिण्याच्या पाण्याच्या बावडीवर, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीवर, बसवून पाय पाण्यात सोडायला लावत आणि फोडातून निघणारा तो दोऱ्यासारखा जंत काडीवर गुंडाळत. रोज फक्त बोटभर, कारण ओढला की तुटतो आणि पाय सडतो. असे तीन-तीन आठवडे ते जंताची मनधरणी करत. "ये गा बापू, काही घाई नाई." ते परगावी असताना मामींचा नारू कुणीतरी ओढून तोडला होता. मामी जन्माच्या लंगड्या झाल्या. "माझ्या हाताले गुण हाये, म्हणून तर दरसाल रोगी वाढतेत," असं मामाजी अभिमानाने सांगत.

मी दवाखान्यात कंपाउंडर होतो. पाय पाण्यात बुडाला की नारू तिथेच पिल्लं सोडतो आणि ते पाणी पिणाऱ्याला वर्षभराने नारू होतो, हे डॉक्टरांनी मला समजावलं होतं. पण माझाही नारू मामाजींनीच काढलेला. त्यांना हे कोणत्या तोंडाने सांगणार? दोन उन्हाळे मी गप्प बसलो. तिसऱ्या उन्हाळ्यात सांगितलं.

मामाजी मामींकडे पाहत म्हणाले, "जवाईबापू, म्हंजे हिच्या पायातला नारू मीच पाजला का?"

नाही म्हणता आलं असतं. मी म्हणालो, "असू शकतं." त्या उत्तराची खंत अजून जात नाही, आणि दोन उन्हाळे गप्प राहिल्याची तर मुळीच जात नाही.

दुसऱ्या दिवसापासून मामाजी धोतराचं फडकं घेऊन बावडीच्या तोंडाशी बसू लागले. कुणाला पायरी उतरू देईनात. स्वतः दोराने पाणी काढून, गाळून घागरी भरून देत. लोक वेड्यात काढत. "एक साल थांबा," ते म्हणत. थांबा हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला.

पुढच्या उन्हाळ्यात गावात तीनच नारू निघाले. त्यातला एक मामाजींच्या घोट्याला. मी गेलो तेव्हा ते परसात पाय पसरून बसले होते आणि मामी लंगडत येऊन तांब्याने पायावर पाणी ओतत होत्या. शेजारी म्हणत होता, बावडीवर चला, लवकर सुटेल.

"नाई," मामाजी काडीवरची नजर न काढता म्हणाले, "इथीच निघू दे. मले घाई नाई."

बाजूला ठेवलेला चहा केव्हाच निवला होता.