हॉट प्रेसमधले बांगडे

आबा आमच्या घरी नऊ आठवडे राहिले आणि त्या नऊ आठवड्यांत त्यांनी एकदाही काही मागितलं नाही. चहा दिला तर घ्यायचे, उशीर झाला तर मागच्या दाराशी उभे राहून दोरीवरचे कपडे पाहायचे. खोली थंड, उशी कडक, कशाबद्दल अवाक्षर नाही. मी भाव करून मोठा झालेला माणूस. समोरच्याला काय हवंय ते कळलं की अर्धा सौदा झाला, हे मला मिसरूड फुटायच्या आधीपासून ठाऊक होतं. ज्याला काहीच नको अशा माणसाशी वागायचं कसं, ते मात्र मला कोणी शिकवलं नव्हतं.

आबा म्हणजे माझे सासरे. वेंगुर्ल्याला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात पस्तीस वर्षं कंपाउंडर होते. डॉक्टर वारले, दवाखान्याच्या जागी मोबाईलचं दुकान आलं, तरी बाजारात त्यांना 'कंपाउंडर' म्हणूनच हाक मारत. सासूबाई गेल्यावर वृषालीने, माझ्या बायकोने, हट्ट धरून त्यांना तीन महिन्यांसाठी डब्लिनला आणलं. जूनमध्ये ओंगारच्या आमच्या घरात त्यांनी बॅग उघडली, तर आत कपडे थोडे आणि कागदाच्या पुड्या फार. आमसुलं, तिरफळं, वेखंड. सगळ्या पुड्या दवाखान्यातल्या घडीच्या, आणि प्रत्येकीवर पेनाने नाव.

"आबा, काय खाणार?" असं मी रोज विचारायचो, कारण विचारायची पद्धत असते. "जा आसा ता," एवढंच उत्तर. माझी मुलगी ईरा तेव्हा नऊ वर्षांची होती. तिने एकदा पिच्छाच पुरवला. "बट व्हॉट डू यू ॲक्चुअली लाइक, आबा?" आबांना इंग्रजी कळायचं, बोलताना दवाखान्यापुरतं यायचं. ते म्हणाले, "लेकीच्या घरात तोंड उघडूचा ता जेवूक, मागूक न्हय." ईराने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "ही इज बीइंग पोलाइट." ती म्हणाली, "दॅट्स नॉट पोलाइट, दॅट्स वीअर्ड."

माझा धंदा किराण्याचा. इथे आलो तेव्हा वृषालीच्या व्हिसावर आलो होतो. ती नर्सिंग होममध्ये नोकरीला होती आणि मी गोदामात खोकी उचलत होतो. पुढे जुनी व्हॅन घेतली आणि ओंगार, ॲडम्सटाउन, लिक्सलिप इथल्या मराठी घरांना डाळ-तांदूळ पोचवू लागलो. माल आमच्या गॅरेजमध्ये असतो. पहिल्याच वर्षी एका बाईंनी पीठ परत केलं, सुक्या मासळीचा वास येतो म्हणून. आमच्या स्वयंपाकघरातला वास गॅरेजपर्यंत गेला होता. त्याच दिवशी मी घरात सांगून टाकलं, आजपासून या घरात सुकी मासळी येणार नाही. वृषालीने वाद घातला नाही. वाद न घालणं हा तिच्या माहेरचा गुण. त्यानंतर अकरा वर्षं या विषयावर कोणी काही बोललं नाही, म्हणजे विषय मिटला असं मी धरून चाललो.

माझा आवाज मोठा आहे. एकदा ओलसर तूरडाळ पाठवणाऱ्या घाऊक व्यापाऱ्याला मी फोनवर झाडत होतो आणि ईरा गणिताची वही घेऊन माझ्याकडे येत होती. आबांनी तिला दारातच अडवलं. "आता नको गो. बाटली हलवलेली आसा. गाळ खाली बसांदे, मगे विचार." हे त्यांचं नेहमीचं झालं. माझा आवाज चढला की ते कोणाकडेही न पाहता पुटपुटायचे, "हलवली," आणि ईरा फिदीफिदी हसायची. बोलणं खरं होतं, म्हणून जास्त झोंबायचं.

दुसऱ्या की तिसऱ्या आठवड्यात ते गॅरेजमध्ये आले. केरळी लोकांसाठी मी लाल तांदळाची पोती ठेवतो. एका पोत्याचं तोंड उघडं होतं. त्यांनी पाच दाणे उचलले, एक दाताखाली धरला आणि म्हणाले, "उकडो." तेवढंच बोलून निघून गेले. मी मात्र ओळखलं. संध्याकाळी पाच किलो आत नेऊन ठेवले आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे पेज शिजायला लागली. गरम पेजेची वाटी ओठाला लावली की आबा डोळे मिटायचे. वृषालीही त्यांना सोबत म्हणून ओट्याशी उभ्याने दोन वाट्या प्यायची. माझ्या मते ती भाताची पाणचट खीर होती, पण म्हाताऱ्याचं बस्तान बसलं म्हणून मला बरं वाटलं.

जुलैत ईराला सुट्टी होती. आजोबा-नात दोन गाड्या बदलून हाउथच्या धक्क्यावर गेले आणि संध्याकाळी बादली भरून बांगडे घेऊन आले. धक्क्यावर एक म्हातारा पिसं बांधलेल्या गळांनी मासे काढत होता. एका फेकीला चार-चार. आबा तासभर त्याच्या शेजारी उभे राहिले. मग त्याने दोरी आबांच्या हातात दिली. "युअर मॅन गेव्ह अस द होल बकेट, बाबा! फॉर नथिंग!" ईरा नाचत होती. 'युअर मॅन' म्हणजे इथल्या बोलीत नुसतं 'तो माणूस'. "आणि आबा त्याला काय म्हणाले माहितीये? थँक यू, ट्वाइस डेली, आफ्टर फूड!" आबा गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "तेका समाजला." त्यांचं खरं आश्चर्य वेगळंच होतं. "हय लोक बांगडो खायत नाय, जावयबापू. गळाक लावतत, दुसरो मासो धरूक. बांगड्यान असा काय पाप केल्यान?"

त्या दिवशी तिरफळं घालून तिखलं झालं. मी दोनदा मागून घेतलं. ताज्या मासळीला माझी कधीच हरकत नव्हती. बादलीत पंचवीस-तीस मासे होते आणि कालवणात जेमतेम दहा गेले. मी नुसत्या नजरेने पोत्याचं वजन सांगणारा माणूस, पण उरलेले कुठे गेले ते विचारायचं मला सुचलं नाही.

माझं लक्ष दुसरीकडे होतं. आमच्या वस्तीतल्या दुकानांच्या रांगेत, औषधांच्या दुकानाशेजारी एक गाळा रिकामा होता. मालक जेरी नावाचा साठीचा गृहस्थ. सात महिने मी त्याच्याशी बोलणी करत होतो. तो चहा द्यायचा, बिस्किटं द्यायचा, हवापाण्याच्या गप्पा मारायचा आणि शेवटी "वी'ल सी" म्हणायचा. गॅरेजमधून बाहेर पडायचा मला तोच एक रस्ता दिसत होता. दारावर स्वतःच्या नावाची पाटी लागणार होती. अखेर एका गुरुवारी सकाळी कागद करायला त्याने मला बोलावलं.

बुधवारी माझं एकमेव चांगलं जॅकेट पावसात भिजलं. मी ते हॉट प्रेसमध्ये टांगलं. हॉट प्रेस म्हणजे इथल्या घरातलं गरम पाण्याच्या टाकीचं कपाट. तिथे टॉवेल, चादरी ठेवतात, ओले कपडे रात्रीत वाळतात. सकाळी जॅकेट कोरडं खडखडीत होतं. हिंग, मेथी, मसाले यांत दिवस काढून माझं नाक मेलेलं आहे. मला काहीच जाणवलं नाही.

जेरीची खोली लहान. मी बसलो. तो उठला, खिडकी उघडली आणि हसून म्हणाला, "वॉज इट किपर्स फॉर द ब्रेकफास्ट, संजय?" किपर म्हणजे इथला धुरी दिलेला, वासाचा मासा. माझं डोकं फिरलं. कारण हा डाव मी ओळखतो, मी स्वतः शंभरदा खेळलो आहे. तांदळाच्या पोत्यात हात घालायचा, वास घ्यायचा, तोंड वाकडं करायचं आणि मगच भाव बोलायचा. ऐन सहीच्या वेळी हा भाडं वाढवणार, असं मी समजलो. "ज्याचा वास तुला चालतो त्याला दे गाळा," असं इंग्रजीत सांगून मी उठलो.

आता, आपल्याकडे उठणं हाही सौद्याचाच भाग असतो. तिसऱ्या पावलाला मागून हाक येते, "अहो, या तर खरं." मी जिना मुद्दाम हळू उतरलो. व्हॅनमध्ये दहा मिनिटं बसलो. जेरी खिडकीत आला. मला वाटलं, आली हाक. त्याने हात हलवला आणि ओरडला, "ग्रँड सो, संजय! नो हार्म डन!" आणि आत गेला. मनुष्य मला खरोखर निरोप देत होता. त्याचं ते हात हलवणं मी अजून मनात ठेवलं आहे.

घरी आलो, जॅकेट काढून नाकाला चिकटवलं तेव्हा कुठे मला वास लागला, आणि ते रात्री टांगलं होतं त्या हॉट प्रेसपाशी गेलो. टॉवेलांच्या मागे, टाकीच्या डोक्यावर, धुतलेल्या मलमलमध्ये गुंडाळलेले चौदा बांगडे. चिरलेले, खारवलेले, वहाणेच्या तळव्यासारखे ताठ.

आबा मागे येऊन उभे होते. "दोरयेर घातले तर पाऊस. पाऊस गेलो तर ते पांढरे पक्षी," ते म्हणाले. "ह्या घरात कोकण येवढ्याच कपाटात आसा."

दुसऱ्या कोणत्याही दिवशी मी हसलो असतो. त्या दिवशी म्हणालो, "आबा, हे माझं घर आहे, मासळीचं गोदाम नाही. जिभेचे चोचले पुरवायचे होते तर वेंगुर्ल्यालाच राहायचं होतं. तुमच्या एका बांगड्यापायी माझं दुकान जातंय, कळतंय का?"

वृषाली नुकतीच कामावरून आली होती. युनिफॉर्ममध्येच जिन्यावर उभी होती. "अरे, ऐक जरा," ती म्हणाली.

"वृषाली, तू गप रव," आबा म्हणाले. त्यांनी तिला तोडून बोललेलं मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. मग माझ्याकडे वळून, "माझा चुकला, जावयबापू. जिभेक लगाम नाय. म्हातारपण, दुसरा काय."

त्याच दुपारी त्यांनी ते कपाट साबणाने तीनदा पुसलं. दुसऱ्या दिवशी बांगडे पिशवीत भरून एकटेच हाउथच्या गाडीने गेले आणि रिकामी पिशवी घेऊन परत आले. सोमवारी मी नमतं घेऊन जेरीला फोन केला. गाळा शनिवारीच दुसऱ्याला दिला होता. "यू सेड नो, संजय," तो मनापासून म्हणाला, "सो आय टुक इट ॲज नो." मी जेवताना आबांकडे पाहत सांगितलं, "दुकान गेलं." आबांनी हातातली वाटी खाली ठेवली. मंगळवारी त्यांनी वृषालीला तिकीट बदलायला लावलं. गणपतीआधी घर झाडूक होया, म्हणाले. कोकणी माणसाच्या या कारणापुढे कोणाला बोलता येत नाही.

विमानतळावर मीच सोडलं. आत जाताना ते म्हणाले, "मनात काय धरू नकात. दुकान होतला." मी "हो हो" म्हणालो. वाकून नमस्कार केला नाही. हातात ट्रॉली होती, असं मी नंतर स्वतःला सांगत राहिलो.

फेब्रुवारीत आबा गेले. झोपेतच. वृषाली एकटी जाऊन आली. ती परतल्यावर महिनाभराने आम्ही त्या गाळ्यावरून चालत होतो. तिथे आता नखं रंगवून देतात. माझ्या तोंडून सवयीने निघालं, "आबांच्या बांगड्यांनी घालवलं हे."

ती थांबली. "कोणाचे बांगडे?"

"आबांचे. आणखी कोणाचे?"

"आबांना सहा वर्षं मीठ बंद होतं," ती म्हणाली. "प्रेशरच्या गोळ्या तूच आणून देत होतास ना त्यांना? त्यांनी एक तुकडासुद्धा तोंडात घातला नाही. तू डिलिव्हरीला गेलास की ते भाजायचे, वर खोबरेल तेल सोडायचे आणि समोर बसायचे. पेजेबरोबर खायचे मी. अकरा वर्षांनी. आल्या दिवशीच त्यांनी विचारलं होतं, 'गो, तू सुक्या खातंस की नाय हय?' मी नाही म्हणाले, तर पुढे काही बोलले नाहीत. धक्क्यावर गेले."

मी आवाज चढवला. "मग तेव्हाच सांगायला काय झालं होतं?"

"सांगत होते. त्यांनी गप केलं."

"नंतर सांगायचंस!"

"रात्रभर भांडले मी त्यांच्याशी, सकाळी तुला सांगते म्हणून," वृषाली म्हणाली. रस्त्यावर माणसं होती आणि तिचा आवाज अगदी साधा होता. "ते म्हणाले, 'तेंचो राग माझ्या नावार रवांदे. मी काय, चार दिसांनी जातलंय. तुका हयच रवाचा आसा.'"