अक्काचं कुठं काय अडलं?

पाळण्यावर मी वाकले होते. पाठ पुढं केली होती. बारशाला आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगायचं आणि बाकीच्या बायकांनी तिच्या पाठीत धपाधप मारायचं, ही आमच्याकडची रीत. सत्तेचाळिसाव्या वर्षी आत्या झालेली बाई मी. पाठ चांगली ऐसपैस. मार खायला एका पायावर तयार.

धपका बसला नाही. मागून कुणीतरी दंडाला धरून मला सरळ उभं केलं. भावाच्या सासूबाई.

"अक्का, तुम्ही नका वाकू. पोर आधीच तुमच्या हातावर गेलीय."

बारसं त्यांच्याच तुळजापुरातल्या घरी होतं. यजमान हेडमास्तर होते. बोलणं शुद्ध, आवाज हळू. तरी सगळ्यांना ऐकू गेलं. बायकांनी पाळण्यात बघितलं, मग माझ्याकडं. बाळाचा उजवा हात दुपट्याबाहेर लोंबत होता. कोपर ताठ, तळवा मागं वळलेला, चोरून काही लपवल्यासारखा.

माझाही उजवाच.

नाव बाळाच्या मावशीनं सांगितलं. धपके तिला बसले. घुगऱ्या तरी वाटाव्यात म्हणून मी स्वयंपाकघरात गेले, तर पातेलं दुसरीच्या हातात दिलेलं. मी परक्यासारखी तिथंच भिंतीला टेकून बसले.

माझा हात जन्मापासून कानाच्या वर जात नाही. तळवा आभाळाकडं वळत नाही. तीर्थ डाव्या हातात घेतलं की पुजारी ओरडणार, उजव्यात घेतलं की ते सांडणार. घास तोंडाकडं नेला की कोपर आधी वर उडतं. पंगतीत उजवीकडच्याला मी आधीच सांगायचे, "डोळा सांभाळा." सगळे हसायचे. मीही. घरात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडं. भाकरी थापायच्या कामाची नाही, तर तोंड तरी चालवावं. मला बघायला आलेल्या पाहुण्यांना मी डाव्या हातानं चहा दिला आणि ते कप न घेताच उठले, ही माझी ठरलेली गोष्ट. चारी कप मीच प्याले, या शेवटाला माणसं पोट धरून हसायची. पाहुणे परत आले का, हे कुणी विचारलं नाही.

आजी म्हणायची, आईनं ग्रहणात भोपळा चिरला म्हणून पोर अशी झाली. आई मरेपर्यंत भोपळ्याला शिवली नाही.

दोनेक वर्षांमागं मी न्हाणीत घसरले. सोलापूरला खांद्याचा फोटो काढला. डॉक्टरीणबाई माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान. फोटो उजेडाला धरून म्हणाली, "हा पडून झालेला खांदा नाही. हा असाच वाढलाय."

मी म्हणाले, "ग्रहण होतं, डॉक्टर."

ती हसली नाही. सावकाश सांगत बसली. अडलेल्या बाळंतपणात बाळाचा खांदा अडकतो, मानेतल्या शिरा ताणल्या जातात. हात लुळा पडतो. काहींचा आपोआप सुधारतो, काहींचा नाही. ज्यांचा नाही, त्यांचे आत ओढणारे स्नायू जोरात राहतात आणि बाहेर फिरवणारे मरगळतात. वाढत्या वयात खांद्याचा गोळा मागं सरकतो. ज्या खोबणीत तो बसायचा, ती वाटीसारखी खोल व्हायच्या ऐवजी ताटलीसारखी सपाट राहते. मग हाड परत जागेवर बसत नाही.

"हे रक्तातनं येत नाही," ती म्हणाली. "लहानपणी कुणी बघितलं असतं, तर काहीतरी करता आलं असतं."

भोपळ्याचं काही नव्हतं. पण हे ऐकायला आई नव्हती.

हे सगळं मी भिंतीला टेकून आठवत होते. तेवढ्यात बाहेरून भावजयीचा आवाज आला. बाळंतपणात पोर अडली होती, दवाखान्यात दाखवू, म्हणत होती. त्यावर माझा भाऊ बोलला. मी डाव्या काखेत वागवून मोठा केलेला भाऊ.

"कशाला? घराण्यातलंच हाय ते. अक्काचं कुठं काय अडलं?"

"जगल्याच की त्या," सासूबाई म्हणाल्या.

मी उठले.

माझे सगळे विनोद त्यांच्या बाजूनं साक्ष द्यायला उभे होते. एवढी हसते म्हणजे हिचं बरं चाललंय.

पातेल्यातनं उजव्या हातानं मूठभर घुगऱ्या घेतल्या आणि बैठकीत मधोमध जाऊन उभी राहिले. घास तोंडाकडं नेला. कोपर वर उडालं. निम्म्या घुगऱ्या सतरंजीवर सांडल्या. सवयीनं एकदोघी हसल्या. मी हसले नाही. मग त्याही थांबल्या.

पदर काढला, पाठ फिरवली. झंपरातनं पाठीचं हाड पंखासारखं वर आलेलं.

"हात लावून बघा. लई वर्सं झाली, कुणी लावला न्हाय."

"अक्का, चारचौघांत हे काय?" सासूबाई.

"चारचौघांतच तुमी मला उठवलं, विहीणबाई."

भावाकडं वळले. "माझं काय अडलं इचारतोस? इथनं मोजाय लागले तर सांज हुईल. माझ्या जगण्याचा दाखला देऊन पोरीचा हात घालवू नको. उद्या सकाळी स्टँडवर थांबते. सोलापूरला न्यायचं. तू न्हाय आलास तर म्या नेते."

पाळण्यावर वाकले. नाव तिला मिळालेलंच होतं. कानात एवढंच सांगितलं, "ह्यो हात माझ्यावर गेलेला न्हाय."

पाठीत कुणीच मारलं नाही.

सकाळी स्टँडवर भावजय आली, पोर घेऊन. भाऊ आला नाही.

डॉक्टरीणबाईंनी भरवसा दिला नाही. शिरा जागतील, किंवा ऑपरेशन लागेल, किंवा त्यानंही पुरतं बरं होणार नाही. तोवर मालीशवालीला ओढू द्यायचं नाही, आणि खांदा आत वळून आखडू द्यायचा नाही. पाठीचं हाड एका हातानं दाबून धरायचं, दुसऱ्यानं पोरीचा हात हळूच बाहेर फिरवायचा. रोज. माझ्या उजव्याला फिरवणं जमत नाही, पण धरणं जमतं.

मी रोज आमच्या तामलवाडीहून तुळजापूरला जाते. सासूबाई अजून 'या' म्हणत नाहीत. मी उंबऱ्यावर थांबत नाही. हात धुते, पोरीजवळ बसते, तिचा खांदा धरते. ती रडते. मी सोडत नाही.