अर्धं तेल आज, अर्धं पुढच्या महिन्यात

इंजिन ऑइल बदलायला माणूस येतो, चहा पितो आणि जातो. त्याचा काही किस्सा होत नाही. पण ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सचं तेल बदलायला येणारा माणूस घाबरूनच आलेला असतो. कुणीतरी त्याला सांगितलेलं असतं, जुन्या गाडीचं तेल काढलंस की गिअरबॉक्स गेलाच म्हणून समज. त्यामुळं बेळगावात परसूअण्णांच्या गॅरेजात बारा वर्षं काढल्यावर माझ्याकडं स्पॅनरपेक्षा किस्सेच जास्त झालेत.

बोरगावचे एक रिटायर्ड हेडमास्तर. गाडी दीड लाख किलोमीटर पळालेली, गिअर बदलताना धक्के देणारी. हे तेल नवं असताना लालभडक असतं. मास्तरांच्या गाडीतून डांबरासारखं काळं पडलं. मास्तर म्हणाले, गाडी घेताना विकणाऱ्यानं हे लाइफटाइम ऑइल आहे, कधी बदलायचंच नाही, असं सांगितलं होतं.

अण्णांनी गाडीखालूनच शांतपणे विचारलं, "कुणाच्या लाइफचं, ते विचारलासा काय सर?"

मास्तरांनी खिशातली डायरी काढून ते वाक्य लिहून घेतलं.

आता माझी फजिती. नवीन असताना मी नको तो शहाणपणा केला. एका जुन्या गाडीचं सगळं तेल मशीन लावून धुऊन काढलं आणि नवं भरलं. दुसऱ्याच दिवशी कणकुंबीच्या रस्त्यावर चढाला ती गाडी बसली. इंजिन ओरडतंय आणि चाक हलत नाही. आतल्या क्लचप्लेटा झिजलेल्या होत्या. जुन्या तेलातल्या कचऱ्यावरच त्या कशीबशी पकड धरून होत्या. आम्ही पोचलो तेव्हा गाडीमालकांची आई रस्त्याकडेला दगडावर बसली होती. मला मान वर करवेना.

अण्णा मालकांना म्हणाले, "चूक माझी हाय. मी बघाय पायजे हुतं." प्लेटा त्यांनी स्वतः बदलून दिल्या. परतताना मला एवढंच म्हणाले, "म्हाताऱ्या माणसाला एकदम गार पाण्यानं आंघोळ घालतोस काय रं?"

तेव्हापासून आमचा नियम: गाडी जुनी असेल तर आज निम्मं काढायचं, जेवढं निघालं तेवढंच भरायचं, महिनाभर गाडी पळवायची, मग पुन्हा.

वडगावच्या सुमनआक्कांचे साड्यांचे माग आहेत. त्यांच्या गाडीची तेल मोजायची डिपस्टिक हातात धरून मी तेल कसं ओळखायचं यावर लेक्चर देत होतो. आक्कांनी पिशवीतून पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा काढला, त्यावर तेलाचा एक थेंब टाकला आणि चहा पीत तो पसरायची वाट बघितली. मधोमध काळा ठिपका राहिला, भोवती लालसर कड पसरली.

"रंग अजून हाय ह्यात," आक्का म्हणाल्या. "नुसती काजळी बसलीया."

गिअरबॉक्सचं खालचं झाकण उघडलं तर अगदी तसंच निघालं, तेल जळलेलं नव्हतं, नुसती काजळी साठली होती. आता आमच्या भिंतीवर स्पॅनरशेजारी पांढऱ्या कापडाचे तुकडे लटकतात. गिऱ्हाइकांना वाटतं, हात पुसायला ठेवलेत.

आणि दौलूआप्पा. निपाणीत तंबाखूच्या वखारीत बोजे उचलून त्यांनी मुलीला डॉक्टर केलं. त्यात त्यांचा डावा गुडघा कामातून गेला. मुलीनं त्यांना पासष्टीला जुनी ऑटोमॅटिक घेऊन दिली, कारण तसल्या गाडीला क्लचचं पेडल नाही, डाव्या पायाला कामच नाही. आप्पा गाडी शिकले, लायसन काढलं आणि आठवड्यातून दोनदा मुलीला बेळगावातून जांबोटीकडच्या तिच्या दवाखान्यात न्यायला लागले. पण ती सोबत असल्याशिवाय गाडी सुरू करायचे नाहीत.

गाडी दोन लाखांवर गेली आणि चढावर घसरायला लागली. सगळे म्हणाले, भंगारात घाला. आप्पा आमच्याकडं आले, जयभीम केला आणि म्हणाले, "ही गेली तर मी पुन्हा मागच्या शिटावर, अण्णा."

अण्णांनी झाकण उघडलं. आतल्या लोखंडी चुरा धरणाऱ्या चुंबकावर करडा मऊ चिखल होता, लोखंडाचा तुकडा एकही नव्हता. "जीव हाय हिच्यात," अण्णा म्हणाले. तीन महिन्यांत तीनदा तेल बदललं. दर खेपेला ते थोडं जास्त लाल निघत गेलं.

तिसऱ्या खेपेनंतर आम्ही जांबोटीकडं ट्रायलला निघालो. आप्पा स्टेअरिंगवर, शेजारी अण्णा, मागं मी आणि डॉक्टरबाई. सगळा चढ गाडी एकदाही न घसरता चढली. वर सपाटीला आप्पांनी गाडी थांबवली आणि आम्हा तिघांना उतरायला सांगितलं. जरा एकट्यानं जाऊन येतो म्हणाले.

गेले. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. डॉक्टरबाई फोन लावत होत्या, रेंज नव्हती. अण्णा रस्त्याकडं बघत उभे होते, कणकुंबीसारखी गाडी पुन्हा बसली असेल, ही त्यांची भीती मला कळत होती.

पाऊण तासानं गाडी आली. आत चार बायका, मांडीवर भाजीच्या बुट्ट्या, एकीच्या कडेवर लेकरू. आप्पांनी काच खाली केली.

"ह्यास्नी बेळगावात सोडायचं हाय, त्यांची बस चुकलीया," आप्पा लेकीला म्हणाले. "तुमी तिघं मागनं पुढच्या बसनं या."