मालगाडीवर चालनारं कॉलेज

त्या काळात दुर्ग-भिलाईच्या पट्ट्यात एका अख्ख्या कॉलेजचा टाइम माह्या हातात होता. मी घंटा हानल्याशिवाय प्रोफेसरले तोंड बंद करता येत नव्हतं. फक्त मले घड्याळ पाहता येत नव्हतं.

शाळेत मी एकच दिवस गेलो, तोही मास्तरच्या म्हशीले चारा टाकाले. बाप रेल्वेत गँगमन, नागपूरकडून लाईन धरून धरून दुर्गले आलेला. आमच्या घरात टाइम रुळावरून ये. पॅसेंजर गेली की माय चूल पेटवे, मेल गेली की बाप डबा उघडे. त्याच्यानं मले टाइम कानातून समजे, डोळ्यातून नाही.

भिलाईचा लोखंडाचा कारखाना बांधाले लागले तवा मीही तिथी घमेलं वाहाले गेलो. आता काय सांगू! रशियन साहेब खालून नुसता हात हालवे अन् घराएवढं लोखंड वर हवेत निंघून जाये, पिसासारखं. चिमनी पाहाले मान मांगं टाकली की डोक्यावरची चुंबळ पडे. मी आ वासून उभा राहू. मुकादम म्हने, "तुले पाहाले ठेवलं का बे?" चौथ्यांदा चुंबळ पडली तवा त्यानं घमेलंच काढून घेतलं. कारखाना माह्याशिवाय पुरा झाला, अन् लवकर झाला असन.

मंग कॉलेजात चपराशी लागलो. कॉलेज लाईनच्या कडेले, नवीन, अर्ध्या भिंतीले पलस्तर नाही. निंबाच्या झाडाले रुळाचा हातभर तुकडा टांगलेला, त्याच्यावर मोठा बोल्ट हानला की झाली घंटा. हेडक्लार्कनं विचारलं, "घड़ी देखना आता है?" मी म्हटलं, "साहेब, रेल्वेवाल्याचा पोरगा आहो." त्याले उत्तर भेटलं, मले नोकरी भेटली.

मी प्रिन्सिपॉल साहेबाच्या खोलीत जाऊ, भिंतीवरच्या घड्याळाकडं डोळे बारीक करून पाहू, मान हालवू, बाहेर येऊ अन् गाडीची वाट पाहू. सकाळची घंटा पॅसेंजरवर, मधल्या घंटा निंबाच्या सावलीवर, अन् दुपारची घंटा नंदिनीच्या खदानीतून चुनखडीचा दगड घेऊन कारखान्यात जानाऱ्या मालगाडीवर. तास संपला की एक घंटा, पोरायनं खोली बदलाची, अन् पाच मिनिटांनी दुसरी घंटा. ते पाच मिनिटं म्हंजे एक बिडी. मालगाडी लेट झाली तं इतिहासाचा तास लांबे. लोकायले वाटे, सर रंगात आले.

दुसऱ्या वर्साले कॉलेजनं एका मॅडमले नवीन काम देल्लं. विद्यार्थी कल्याण. खोली देल्ली जिन्याखालची, जिथी आधी झाडू अन् बादल्या राहत. मॅडम नागपूरच्या, लहानशा, जाड चष्म्याच्या. मीच बादल्या काढल्या अन् मीच तिथला चपराशी झालो. कल्याण म्हंजे काय हे मले समजलं नाही. मले वाटलं, पोरायले रागावाचं नवीन ऑफिस असन.

पन मॅडम कोनालेच रागावत नव्हत्या. पोरगा आत आला की एकच विचारत, "काय अडतंय?" अन् मंग चूप बसत. चूप बसनं हे काम आहे हे मले तवा कळलं. मी असतो तं त्या पोराच्या आधी माहंच रडगानं सांगून मोकळा झालो असतो.

एकदा होस्टेलातला एक पोरगा आला. मेसमधी त्याच्या पंगतीले कोनी बसत नाही, त्याची जात पाहून उठून जातात, असं त्यानं खाली पाहून सांगतलं. मॅडमनं कागद लिहिला नाही, भाषन केलं नाही. दुसऱ्या दिवशी मेसमधी गेल्या, त्याच्या बाजूले खाली मांडी घालून बसल्या, अन् म्हनाल्या, "वाढा." रोज. भात असा कच्चा राहे की मले पाहूनच पोटात दुखे, पन त्या खात. आठव्या दिवशी पंगत भरली. मी तिसऱ्या दिवशी बसलो. लय शूर मानूस मी. दोन दिवस दारात उभा राहून अंदाज घेत होतो, कोन कोन पाहून राहिलं याचा.

त्याच वर्साले कॉलेजात एक पोरगी आली.

तिचा बाप नंदिनीले खदानीत, मूळचे भंडाऱ्याकडचे शेतीवाले लोक. ती मामाकडं भिलाईच्या सेक्टर दहात राहे अन् कारखान्याच्या बसनं ये. लहानपनी ताप आला, त्याच्यात एक पाय वाळला. त्या पायाले कमरेपासून टाचेपर्यंत लोखंडी पट्ट्या, खाली जड बूट. तो पाय गुडघ्यात वाकतच नव्हता. अन् आमच्या कॉलेजात एक तास खाली, दुसरा वर, तिसरा परत खाली. मधी तो जिना, कठड्याले अजून लाकूडही लागलं नव्हतं. वरचे प्रोफेसर दुसरी घंटा झाली की दार लावत अन् हाजिरी घेत. ती दारापाशी पोहोचे तवा तिचं नाव होऊन गेलेलं राहे.

मले तिची दया ये. एक दिवस म्हटलं, "बाई, मी अन् माळी तुले खुर्चीवर बसवून वर नेतो."

ती म्हने, "काका, मी सामान आहो का?"

"नाही व, आपलं सोपं पडन..."

"कोनाले?"

अन् दया करनारा मानूस पाहा, हिले उशीर होते हे मले रोज दिसे, पन दुसऱ्या घंटेच्या आधी दोन बिड्या ओढाव्या हे माह्या टकुऱ्यात आलं नाही. उलट थंडीत बिडी मी भराभर ओढू.

परीक्षेचे फॉर्म निंघाले अन् तिचा फॉर्म परत आला. हाजिरी कमी. परीक्षेले बसता येत नाही. तिच्या बापाचं म्हननं आधीपासून होतं, एवढ्या पायानं शिकून काय करतेस. हे वर्स गेलं असतं तं पोरगी घरी बसली असती. हे तिनं जिन्याखालच्या खोलीत मॅडमले सांगतलं. रडली नाही. पट्ट्याचा स्क्रू ढिला झाला होता, तो नखानं पिळत पिळत सांगतलं.

मॅडम प्रिन्सिपॉल साहेबाकडं गेल्या. साहेब वाईट नव्हते, पन नियमाचे. म्हने, जिना चढाले असे किती मिनिटं लागतात? पोरी गप्पा करत येतात.

मॅडम परत आल्या त्या सरळ प्रयोगशाळेत. तिथं काचेच्या सामानाच्या लाकडी पेट्या फोडलेल्या पडल्या होत्या. त्याच्यातल्या दोन लांब पट्ट्या उचलल्या, जिन्यापाशी आल्या, पदर खोचला अन् पट्ट्या आपल्या एका चांगल्या पायाले बांधल्या, मांडीपासून घोट्यापर्यंत, सुतळीनं करकचून. पोरं गोळा झाली. हासाले कोनाची हिंमत नव्हती. मनगटावरचं घड्याळ काढून त्याईनं माह्या हातात देल्लं.

"मी पहिला पाय उचलला की बघा. वरच्या खोलीच्या दाराला हात लावला की बघा. मधे किती मिनिटं गेली ते सांगा. तुम्ही घंटेवाले, तुमच्याइतकं वेळेचं कोणाला कळतंय?"

माह्या अंगावर पाल पडल्यासारखं झालं. पन मी छाती काढून म्हटलं, "हाओ मॅडम."

मी कारखान्यात लय मोठ्या मोठ्या गोष्टी पाहिल्या होत्या. घराएवढं लोखंड हवेत जाताना पाहिलं होतं. पन त्या दिवशी जिन्यात जे पाहिलं त्याच्यानं माही चुंबळ असती तं परत पडली असती. एक लहानशी बाई, कॉलेज शिकवनारी, एक पाय पायरीवर ठेवे, दुसरा पाय लाकडासारखा बाजूनं फिरवून वर आने, भिंतीले नखं रोवे, थांबे, परत. घाम मानेवरून पाठीत गेला होता. अर्ध्यावर सुतळी पोटरीत रुतली, तोंड वाकडं झालं, पन सोडली नाही. खाली ती पोरगी वह्या छातीशी धरून उभी होती. इतके दिवस ती ज्या जिन्यानं एकटी जाये, तो आता सगळे मान वर करून पाहून राहिले होते.

मॅडमनं दाराले हात लावला. तेवढ्यात साहेब आले.

"कितना टाइम लगा?"

मी घड्याळात पाहिलं. तीन काटे, एक पळून राहिला, दोन उभे. मले वाटलं, बाईनं एवढा जीव काढला, तं आपन त्याईची शान वाढवावी. मी जोरानं म्हटलं, "दोनच मिनिटं साहेब! घोड्यावानी चढल्या!"

वरून मॅडम म्हनाल्या, "दोन?"

साहेबांनी हातातली तिच्या फॉर्मची फाइल उघडली. "दो मिनट. घंटियों के बीच पाँच मिनट हैं. तो फिर लड़की लेट क्यों होती है?" अन् खिशातला पेन काढला.

पोरगीनं मॅडमकडं पाहिलं नाही, साहेबाकडं पाहिलं नाही. माह्याकडं पाहिलं. मंग साहेबाले म्हने, "सर, तो मैं घर जाऊँ?"

मी काय करून बसलो हे तवा माह्या ध्यानात आलं. मी म्हटलं, "साहेब, थोडं जास्त धरा."

"ज़्यादा मतलब?"

"पाच... सात... तुमाले जमन ते."

साहेबांनी पेन थांबवला. "घड़ी तेरे हाथ में है. अभी कितने बजे हैं?"

तेवढ्यात देवासारखी लाईनवरून मालगाडी आली, नंदिनीची, धडधड धडधड. मले इतका आनंद झाला! म्हटलं, "पावनेबारा साहेब! पक्के!"

साहेबांनी आपलं घड्याळ पाहिलं. "सवा बारा." मंग माह्याकडं असं पाहिलं, जसं डब्यातून भाजीच्या जागी बेडूक निंघावा. "घंटी किस पर बजाता है तू?"

मी लाईनकडं बोट दाखवलं.

"और बीच के पाँच मिनट?"

मी खिशातून बिडी काढून दाखवली.

एक पोरगा फिस्कन हासला. आता नोकरी गेली, हे मी पुरं समजलो. पन मॅडम वरच्या पायरीवर पट्ट्या बांधलेला पाय लांब करून बसल्या होत्या, चष्मा पुसत. तिथूनच म्हनाल्या, "सर, मग या कॉलेजात उशिरा कोण आलं हे आजवर कोणालाच माहीत नाही. याची बिडी कधी छोटी, कधी मोठी. आणि त्या बिडीवर आपण एका मुलीचं वर्ष घालवतोय."

साहेबांनी फाइल माह्या डोक्यावर हानली नाही, काखेत मारली. आपलं घड्याळ हातात घेतलं अन् पोरगीले म्हने, "चलो बेटी. जैसे रोज़ चढ़ती हो."

ती चढाले लागली. साहेब तिच्या बाजूनं, एक एक पायरी. वह्या तिनं कोनाले देल्ल्या नाही. लोखंड पायरीवर वाजे, मंग तिचा श्वास, परत लोखंड. साहेब तिसऱ्या-चौथ्या पायरीनंतर घड्याळाकडं पाहाचे थांबले, तिच्या बुटाकडं पाहाले लागले. एवढी पोरं जमली होती, पन मले फक्त ते लोखंड ऐकू ये. मी बाप्पा, रोज झाडाखाली बिडी ओढत बसू तवा हे आतमधी चालू राहे.

वर पोहोचल्यावर साहेब म्हने, "नौ मिनट." काखेतल्या फाइलीतून तिचा फॉर्म काढला अन् तिथंच खिडकीवर ठेवून सही केली.

हप्त्याच्या आत तिचे सगळे तास खाली आले अन् प्रोफेसरायची बसाची खोली वर गेली. हाजिरीवाले सर आता दर तासाले जिना चढता-उतरता धापा टाकत अन् पोरं त्याईची वाट पाहत. माही नोकरी राहिली, कारन मॅडम म्हनाल्या, याला काय अडतंय ते आपणही कधी विचारलं नाही. पन हुकूम झाला, पंधरा दिवसात घड्याळ शिका. जिन्याखालच्या खोलीत, पोरं जिथी बसत त्याच बाकावर, त्या पोरगीनं मले शिकवलं. मोठा काटा अन् लहान काटा मी इतक्या वेळा उलटा सांगतला की ती म्हने, "काका, तुमच्यापेक्षा मालगाडी लवकर शिकली असती."

ती परीक्षेले बसली. पास झाली. पेपरात छापलेला नंबर पाहून मामासंगं कॉलेजात पेढे घेऊन आली. मी व्हरांड्यात चार लोकायले जमवून सांगून राहिलो होतो, कसं मी छातीठोकपने साहेबापुढं उभा राहिलो, नोकरीची पर्वा केली नाही, खरं सांगतलं, अन् म्हनून पोरगी आज पास. ती मांगं कवा येऊन उभी राहिली, मले समजलं नाही.

"घे व बाई," मी म्हटलं, "तूच सांग यायले. कोनाच्यानं पास झाली तू?"

तिनं एक पेढा माह्या हातावर ठेवला.

"अभ्यास मी केला, काका. जिना मॅडम चढल्या. तुमी खरं बोलले, पन पकडल्यावर."