सुभद्राकाकीचा हातगुण

मसुऱ्याजवळच्या त्या वाडीत भात कापून झालं की मिरचीची, म्हणजे तिथल्या बोलीत मिरसांगेची, रोपं सुभद्राकाकीच्या वाफ्यातूनच घरोघर जायची. ती उपटूनही तिनेच द्यायची, असा शिरस्ता.

"तुझ्या हातान उपटलेला रोप मरणा नाय गो," बायका म्हणायच्या. लग्न होऊन आल्यापासून चाळीस वर्षं हा हातगुण तिच्या नावाला चिकटला होता. काकी डाव्या तळव्यावर तंबाखू चोळायची, चिमूट गालात धरायची, हात पदराला पुसायची आणि ओणवी होऊन एकेक रोप अलगद ओढायची.

यंदा पौषात पानं बिघडली. आखडली, फिकट-गडद हिरव्या डागांनी भरली. आधी तिच्या मळ्यात, मग बाबली नावाच्या शेजाऱ्याच्या, मग पलीकडे. सगळे म्हणाले, चुरडा-मुरडा रोग, पांढरी माशी आणते तो. दोनदा फवारलं. माशी गेली, डाग मात्र पुढच्या मळ्यात पोचले.

काकीच्या एक गोष्ट ध्यानात आली आणि तिची झोप उडाली. बाबलीने बांधाच्या कडेला कणकवलीहून आणलेली चार रोपं लावली होती. ती हिरवीगार होती. आजारी होती ती सगळी तिने उपटून दिलेली. हे ती कुणालाच बोलली नाही.

पानं पिशवीत घालून ती वेंगुर्ल्याला निघाली, तेव्हा बाबलीने बांधावरून हटकलं, "मिरसांगेची पत्रिका बघूक चललंस काय गो काकी?"

एरवी तिने त्याचा बापजादा काढला असता. आज ती पिशवी काखेत मारून तशीच पुढे गेली.

तिथल्या शेतीच्या प्रयोगशाळेतल्या दीपिका मॅडमनी पान छोट्या पिशवीतल्या पाण्यात चुरडलं आणि त्यात कागदी पट्टी बुडवली. "असे डाग पाडणारा एक विषाणू असतो. पट्टीवर एक रेघ आली तर तो नाही. दोन आल्या तर आहे."

कोविडच्या वेळी अशीच पट्टी काकीने पाहिली होती. एक रेघ उमटली. दुसरी आली नाही.

"हे पान चांगलं आहे, काकी."

तिला हायसं वाटायला हवं होतं. पण ती खुर्चीवरून उठली नाही. ते पान तिने मळ्याच्या कोपऱ्यातल्या एकुलत्या धड झाडाचं खुडलं होतं. डागाळलेली पानं पिशवीच्या तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली होती. तिला हवं ते उत्तर मिळालं होतं. आणि संध्याकाळी बाबलीची सून किशोरी उरलेली रोपं न्यायला टोपली घेऊन येणार होती.

"मॅडम," ती म्हणाली, "अजून एक पान आहे."

या वेळी दुसरी रेघ आली. आधी नखाने ओरखडल्यासारखी पुसट, मग ठसठशीत लाल.

"हा माशीने पसरत नाही," मॅडम म्हणाल्या. "स्पर्शाने पसरतो. तंबाखूच्या वाळलेल्या पानातही टिकतो. तुम्ही तंबाखू खाता?"

काकीने मूठ मिटली.

"मुळात तंबाखूतून आला की बियाण्यातून, हे आज सांगता येणार नाही. पण एका रोपावरून दुसऱ्यावर हातांनी जातो. आजारी झाडं उपटून जाळा. बी धरू नका. वाफ्यातली रोपं कुणाला देऊ नका."

परतली तेव्हा किशोरी वाफ्याशी उभीच होती. "खंय होतंस गो काकी? ऊन उतारला. उपट मगे."

वाफा हिरवागार होता. एकाही पानावर डाग नव्हता. आज रोपं दिली, तर पंधरा दिवस कुणाला काही कळणार नव्हतं. सवयीने काकी ओणवी झाली. हात रोपापर्यंत गेला आणि तिथूनच तिने तो मागे घेतला.

"हात लावू नको, किशोरी," ती मागे सरत म्हणाली. "ह्यो रोग माझ्या हातान पसारलो."

"काय ता बोलतंस? तुका बरा नाय काय?" किशोरी घाबरून तिचा हात धरायला पुढे आली.

काकीने दोन्ही हात पाठीमागे नेले. "माका शिवा नको. जा, सासऱ्याक हाक मार. सगळ्यांका बोलाव."

किशोरी धावली. पाणंदीतून माणसांचे आवाज जवळ येऊ लागले. काकी वाफ्यासमोर आडवी उभी राहिली, हात पाठीमागे तसेच, पदरालाही लागणार नाहीत असे धरून.