सराईची कमान आणि आक्का

या, जरा पुढं सरकून बसा. दारातून बोललेलं मला नीट ऐकू येत नाही. आणि आधी थोडं रागावून घेते. तुम्ही चिखली-रावेतला नव्यानं राहायला आलेली मंडळी, चाकणचं नाव निघालं की म्हणता, कंपन्या यायच्या आधी तिथं काय होतं, नुसता माळ. असं बोलू नये. तिथं वाटसरूंच्या जेवणा-मुक्कामाची सराई होती, आणि सराईत आक्का होती.

आक्का म्हटलं की मला तिच्या हातातली बादली दिसते. बैलगाडी अंगणात आली की ती गाडीवानाकडं बघायचीसुद्धा नाही, सरळ बैलांपुढं पाणी ठेवायची. गाडीवान उन्हानं करपलेला, तोही तहानलेलाच. पण आक्का म्हणायची, "आधी मुकं, मग बोलकं." बैलांनी तोंड वर काढलं की मग त्याला तांब्या.

मी लग्न होऊन सराईसमोरच्या घरात आले तेव्हा आक्का विधवा होऊन थोडीच वर्षं झाली होती. तिनं मला भाकरी थापायला बोलावलं आणि मी तिचीच झाले. चुलीपुढं बसून ती सराईच्या गोष्टी सांगायची. सराई बांधली तिच्या आजेसासऱ्यांनी, राणीच्या राज्यात. नाशिकच्या रस्त्यानं टपालाचा टांगा जायचा, त्याची घोडी इथं बदलायची. टांगा दिमाखात आत यावा म्हणून त्यांनी घडीव दगडाची कमान उभारली. पुढं मोटारी आल्या, घोडी गेली. सासऱ्यांनी तबेल्यात बैल बांधायला जागा केली आणि कांद्याच्या बैलगाड्या मुक्कामाला घ्यायला लागले. आक्काचा नवरा तिसरा मालक. स्वभावानं इतका मऊ, की रुसलेल्या गाडीवानालाही उठून स्वतः वाढायचा. तो अवेळी गेला.

आक्काच्या वाट्याला सराई आली तेव्हा बैलगाड्याही कमी होत चालल्या होत्या. कांदा ट्रकमध्ये चढायला लागला होता. तिकडं पिंपरीकडं कारखान्यांची बांधकामं निघाली होती, रस्त्याला रहदारी वाढली होती, आणि आमच्या अंगणात मात्र बैलांच्या दावणी रिकाम्या.

पहिला ट्रक थांबला तो कमानीबाहेर. आक्का बादली घेऊन निघाली ती ड्रायव्हरला ओलांडून थेट ट्रकच्या तोंडाशी. ड्रायव्हर सिन्नरकडचा, हसायला लागला. म्हणाला, "आक्का, ह्याला पेंडबी चारणार का?"

"खात असंल तर सांग, आणते," आक्का म्हणाली.

त्यानं रेडिएटरमध्ये पाणी ओतलं, जेवायला बसला, पण घासागणिक उठून रस्त्यावर बघून यायचा. जाताना म्हणाला, "जेवण झ्याक हाय, आक्का. पण गाडी भाईर आन् मी आत, घास उतरत न्हाई. एखादी गोण कुणी उतरवली तर मालकाला काय सांगू?" ट्रक कमानीतून आत येत नव्हता. त्यानंतर कितीतरी ट्रक वेग कमी करायचे, कमानीकडं बघायचे आणि पुढं निघून जायचे. आमची आमटी संध्याकाळी शेजारीपाजारी वाटली जायची.

तेव्हा आक्कानं कमान उतरवायची ठरवली.

गावात गलका झाला. पुण्याला नोकरी करणारा तिचा धाकटा दीर धावत आला. वाईट माणूस नव्हता हो. आजोबांवर त्याचा फार जीव. चहासुद्धा घेईना. म्हणाला, "वहिनी, ही कमान म्हणजे आपलं घराणं. ती पाडून काय राहिलं?"

आक्का भांडली नाही. एवढंच म्हणाली, "भावजी, मामंजींच्या वडलांनी कमान टांग्याच्या मापानं बांधली. ज्यो येत व्हता त्याच्या मापानं. आता ट्रक येतोय."

कमान उतरवायच्या दिवशी दीर पाठ फिरवून घराच्या पायरीवर बसला. आक्का विधवा, म्हणून कमानीला हळदकुंकू माझ्या हातून वाहिलं. नारळ फुटला. मग वडारांच्या हातातली पहार तिनं स्वतः घेतली आणि पहिला घाव घातला. दगड हललाही नाही, पण पदर खोचून उभी राहिलेली ती बाई बघून माझी मान ताठ झाली. त्या दगडांचा तिनं अंगणात ट्रकवाल्यांना बसून जेवायला लांबच लांब ओटा बांधून घेतला.

ओट्याचं काम आटपलं त्या दिवशी दीर पुन्हा आला. कमानीच्या जागी उभा राहून नुसता मोकळ्या जागेकडं बघत होता. तेवढ्यात कांद्यानं भरलेला ट्रक वळला. ड्रायव्हरनं धोतर-टोपीतला माणूस बघून विचारलं, "मालक, गाडी कुठं लावू?"

 दीर बाजूला झाला, आक्काकडं हात केला आणि म्हणाला, "मालक ह्या. ह्यांना विचार."

आक्कानं डोळ्याला पदर लावला नाही. हातानं खूण करत करत तिनं ट्रक आत घेतला, पार विहिरीजवळच्या सावलीपर्यंत. तिचं ते मागं मागं चालणं, ट्रककडं तोंड करून, मला आजही दिसतं.

आक्का जाऊन आता बरीच वर्षं झाली. गल्ल्यावर तिचा नातू असतो, आणि ओट्यावर कंपनीच्या बसचे ड्रायव्हर जेवतात. पारावरची म्हातारी माणसं कधी सराईचे मालक मोजतात आणि तीनवर थांबतात. मी तिथं असले की चौथं नाव घ्यायला लावते, आणि घेतात बरं का.

पण आता मी इकडं राहते, मला एकटीला तिथवर जाणं होत नाही. तेव्हा सवड काढा आणि लवकर परत या. आपण मिळून जाऊ, त्या ओट्यावर जेवायला बसू.