रशीदभाईंचा तवा

रोज सकाळी बोट काढण्याआधी रशीदभाई पाण्यात तवा सोडायचे. घरचाच, पोळ्यांचा लोखंडी तवा, कडेला भोकं पाडून साखळीनं बांधलेला. तो बरोबर पाच मीटरवर थांबवायचे आणि पाण्याची खोली मोजणाऱ्या यंत्रातून आवाज सोडायचे. आवाज तव्यावर आपटून परत आला, कागदावर पाच उमटलं, तरच बोट निघायची. "जे मशीन तव्यासंगं खोटं बोलन, ते धरनासंगं काय खरं बोलन?" म्हणायचे.

अकोल्याच्या जुन्या शहरातला हा माणूस बारा वर्षं कोकणात खाड्यांची तोंडं आवाजानं मोजत होता. मग अचलपूरकडच्या आमच्या धरणातला गाळ मोजायला आला. मी तिथं नवाकोरा इंजिनीअर. पहिल्याच दिवशी कागदावर तळाच्या दोन रेघा दिसल्या. यंत्र बिघडलं, असं मी ठणकावून सांगितलं.

"बिघडलं नाई साहेब. खाडीच्या तोंडाशीबी असेच दोन तळ भेटतात. बारीक आवाज गाळावरून वापस येते, जाडा आवाज गाळात घुसून मुरमाले लागून येते. पानी मातर वरच्या रेघेपर्यंतच."

वरची रेघ धरली तर धरणात कालव्याच्या एका पाळीपुरतंच, म्हणजे शेतांना एकदा सोडण्यापुरतंच पाणी होतं. कापसाचं पीक हातचं गेलेल्या गावांना मोठ्या साहेबांनी तीन पाळ्या जाहीर करून टाकल्या होत्या. ते म्हणाले, "खालची रेघ धरा. तीही यंत्रानंच काढलीय ना?"

रशीदभाईंनी मला बाजूला घेतलं. "लोकं हरभरा पेरून राहिले साहेब. कालव्यातून गाळ सोडसान का त्याइले? सही नका करू."

खालची रेघ धरलेल्या मोजणीच्या कागदावर मी सही केली. नोकरी कायम व्हायची होती. हे लिहिताना साहेबांची किळस येते, आणि माझी त्याहून जास्त.

एका पाळीनंतर कालवा कोरडा पडला. फुलावर आलेला हरभरा उभा वाळला. शेतकऱ्यांनी पाणी चोरलं, असा अहवाल गेला. तोही मीच लिहिला. त्याच आठवड्यात रशीदभाई काम सोडून, तवा काखेत मारून घरी गेले.

पुढच्या वर्षी मी त्यांच्याकडे गेलो. माफी मागायची होती. त्यांनी जेवायला बसवलं. चुलीवर तोच तवा होता, कडेच्या भोकांवरून ओळखला.

"अजून वापरता हा?"

"काहून नाई? तो थोडीच खोटं बोलला."

ताटात गरम पोळी पडली. मी तुकडा मोडला, तोंडात घातला. दुसरा तुकडा मोडून ताटातच ठेवला.

"खा ना साहेब," रशीदभाई म्हणाले आणि दुसरी वाढली.